हात लावू देणं

आमच्या मैना कालवडीचा डावा कान चिरलेला आहे. खरसुंडीच्या पौषी यात्रेत घेतली तेव्हाच चिरलेला होता. कानातला १२ अंकी पिवळा बिल्ला कशाततरी अडकला असणार, तिनं हिसडा मारला असणार. बिल्ला गेला आणि कानाची दोन पानं झाली. विकणाऱ्यानं ती बाजू आपल्या अंगाकडं धरून तिला उभी केली होती. मी दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितली, उपरण्याखाली बोटं दाबून सौदा केला. कान राहिला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती टेम्पोतून उतरतानाच तो हेरला. "यात्रंत जाऊन डोळं तिथंच इसरून आलास व्हय रं?" एवढं बोलले आणि तंबाखू मळायला बसले.

आमची वस्ती विट्याकडून भिवघाटाला जाणाऱ्या रस्त्याला. इकडची पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यात. देशभरातल्या सराफकट्ट्यांवर आमची माणसं सोनं-चांदी गाळत बसलेली. मीही बावीस वर्षं कोइमतूरला भट्टीपुढं काढली. मग टेंभू सिंचन योजनेचं पाणी शिवारात आलं, आप्पांचे गुडघे गेले आणि मी परत आलो. गुरांचं मला जे येत होतं ते लहानपणीचं, म्हणजे आप्पा करतील ते बघत कासरा धरून उभं राहायचं, तेवढंच.

मैना दीड वर्षाची काजळी खिलार. डोळ्यांभोवती काजळ, बाकी अंग पांढरं, कातडी अशी ताणलेली की माशी बसली तरी सगळं अंग थरारतं. खिलार मुळातच संशयी. त्यात हिचा कान. खांद्यापर्यंत हात चाले. खांद्याच्या पुढं बोट जरी सरकलं तरी ती मागं सरायची, मान खाली, शिंगं आडवी. म्होरकी, म्हणजे तोंडाभोवतीचा दोर, घालायला चौघं लागले, आणि ती म्होरकी तिनं दुसऱ्या दिवशी खांबाला घासून काढून टाकली. गळ्यात यात्रेतलं दावं होतं तेच राहिलं. कालवड वाढत होती, दावं वाढत नव्हतं. ते सैल करायचं तर गाठ नेमकी कानामागं.

"यसन घाल," आप्पा म्हणाले. "दोन दिसांत सरळ हुतीया."

खोटं नव्हतं ते. नाकाच्या दोन पुड्यांमधला पडदा हा गुराच्या अंगावरचा सगळ्यात हळवा भाग. तिथं दोर ओवला की पाचशे किलोचं जनावर दहा वर्षांचं पोर नेऊ शकतं. आमच्या सर्जा बैलाला वेसण आहे. मी लहान असताना दारातल्या प्रत्येक बैलाला होती आणि त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आताही मी वेसणीच्या विरोधात होतो असं नाही. मैना गाय आहे, तिला औताला जुंपायची नाही, मग कशाला, एवढाच माझा मुद्दा होता. खरं सांगायचं तर तो चिरलेला कान बघितल्यावर परत तिचं काही टोचायला हात धजत नव्हता.

मुलगी पुण्यात असते. तिनं रस्त्यावरचं एक कुत्रं पाळलंय, त्याची नखं कापायची म्हणजे घरात महाभारत व्हायचं. शिमग्याला आली तेव्हा सांगत होती की आता ते स्वतःहून पंजा पुढं करतं. कसं, तर तिनं पिशवीतून एक डबी काढली. मोटारसायकलच्या किल्लीपेक्षा जरा मोठी, प्लॅस्टिकची, आत पोलादाची पट्टी. दाबली की टिक्. "क्लिकर म्हणतात, बाबा."

आप्पांनी ती हातात घेऊन दोनदा वाजवली. "ह्यो तर यात्रंतला बेडूक."

अगदी तोच. पत्र्याचा हिरवा बेडूक, पोटाखाली पट्टी, आम्ही पोरं वाजवून वाजवून घरच्यांचं डोकं उठवायचो. पुढं वाचलं तर बेडकाची वंशावळ बरीच मोठी निघाली. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीत रात्री उतरलेल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना पत्र्याची अशीच टिकटिकी दिली होती. अंधारात एकानं एकदा वाजवायची, समोरचा आपला असेल तर त्यानं दोनदा. आणि बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली एका मासिकात सामान्य लोकांसाठी लेख लिहिला, घरच्या घरी जनावर कसं शिकवावं यावर. त्यात खुणेचा आवाज म्हणून त्यानं हेच खेळणं सुचवलं होतं.

खुणेचा आवाज म्हणजे काय, हे मला समजायला आठवडा गेला. गुरांशी आपण बोलतो ते सगळे आवाज आधीचे असतात. च्यक् च्यक् म्हणजे चल, होऽ होऽ म्हणजे थांब. आवाज आधी, काम नंतर, नाही केलं तर चाबूक. हा आवाज नंतरचा आहे. जनावरानं काहीतरी केलं, ते आपल्याला हवं होतं, त्याच क्षणी टिक्, आणि टिक् झाली की खाणं. टिक् म्हणजे हुकूम नव्हे, पोच आहे. आणि पोच दिली की पैसे द्यायचे. चुकून वाजली तरी द्यायचे. उधारी नाही.

खाणं थेट का देऊ नये? कारण हात खिशात जाऊन, मूठ बाहेर येऊन, तोंडापाशी पोचेपर्यंत तीन-चार सेकंद जातात, आणि तेवढ्यात जनावर दुसरंच काहीतरी करून बसलेलं असतं. मान पुढं केली म्हणून पेंड द्यायला गेलो आणि तोवर तिनं शिंग हलवलं, तर तिच्या हिशेबी पेंड शिंगाची. टिक् तो क्षण खिळा ठोकल्यासारखा पक्का करते. हे मला भट्टीमुळं कळलं. शिसं घालून चांदी शुद्ध करताना शेवटी एक क्षण येतो: रसावर फिरणारा पापुद्रा तुटतो आणि गोळा एकदम लख्ख चमकतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तो क्षण ओळखायला मला दोन वर्षं लागली होती, वस्तादाच्या शिव्या खात. मैनेच्या मानेत असाच एक क्षण असतो. हात जवळ येताना आधी कातडी थरारते, मग श्वास अडतो, आणि कधीकधी, हात आणखी पुढं नाही सरकवला तर, तो अडलेला श्वास सुटतो. टिक् तिथं.

मी सुरुवात अर्थातच चुकीची केली. पहिल्या संध्याकाळी गोठ्यात उभा राहून टिक् वाजवली आणि मैना दाव्याच्या टोकापर्यंत उडाली. गुरांना माणसाला ऐकू येत नाहीत इतके बारीक आवाजही ऐकू येतात, आणि आमचा गोठा वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी पत्रा. डबी फडक्यात गुंडाळून खिशात ठेवून वाजवली तेव्हा कुठं तिनं नुसता कान फिरवला. तो अखंड कान. टिक् आणि चिमूटभर सरकी पेंड, टिक् आणि चिमूट, वीसेक वेळा. चिमूटच. पहिल्यांदा मूठ देत होतो, तर ती अर्धा मिनिट चावत बसायची आणि आपण कशाबद्दल खातोय हे तिलाही आठवत नसावं आणि मलाही. गुळाचे खडे द्यायचा मोह होतो, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला गोड आणि दाण्याचा मारा सोसत नाही. चौथ्या दिवशी टिक् झाली की तिची मान माझ्याकडं वळायला लागली. जीभ हातावर फिरली की पॉलिश पेपर घासल्यासारखं वाटायचं.

मग रवी. आईच्या वेळची ताक घुसळायची रवी माळ्यावर पडली होती, दांडा लांब आणि टोकाला लाकडी फूल. ती गव्हाणीच्या अलीकडून पुढं धरायची. नवीन वस्तू म्हणून मैनेनं नाक लावलं, टिक्. परत लावलं, टिक्. दोन दिवसांत रवी जिकडं नेईन तिकडं नाक यायला लागलं: वर, खाली, डावीकडं, गव्हाणीच्या बाहेर. मी स्वतः गव्हाणीच्या अलीकडंच. शिंगाच्या जनावराशी मोकळ्यात उभं राहून खाण्याचा व्यवहार करू नये हे मला एका संध्याकाळी खिसा फाटल्यावर कळलं. तिनं रागानं नव्हे, पेंड काढून घ्यायला म्हणून शिंग घातलं होतं. मोठ्या प्राणिसंग्रहालयांत हत्तीचे पाय घासायचे, रक्त काढायचं, ते आता पुष्कळ ठिकाणी असंच मध्ये गज ठेवून करतात. हत्ती गजाच्या फटीतून पाय बाहेर देतो. आमच्याकडं गज म्हणजे गव्हाण.

म्होरकी तिनं स्वतः घातली. ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितलीय की बायको आता उठून आत जाते. डाव्या हातात म्होरकीचा फास मोठा करून धरला आणि उजव्या हातानं रवी फासाच्या पलीकडं. रवीला नाक लावायचं तर ते फासातूनच घालायला पाहिजे. मैना थांबली. फासाकडं एका डोळ्यानं बघितलं, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं. गुरांचे डोळे कडेला असतात, त्यांना जवळपास ३३० अंश दिसतं, पण अगदी नाकासमोर थोडं आंधळं असतं. फास नेमका तिथंच होता. मी हललो नाही. पुढं नेला असता तर जमलंही असतं कदाचित, पण मग ती मी घातलेली म्होरकी झाली असती. मिनिटभरानं ओलं नाक फासात आलं, फुलाला टेकलं, आणि टिक् वाजायच्या आत परत मागं गेलं. मी वाजवलीच. त्या दिवशी दहा वेळा नाक आत-बाहेर झालं, मी फास एकदाही आवळला नाही. आप्पा बाजेवरून बघत होते. "आवळ की लेका, आली की आत!" ते ओरडले. नाही आवळला. आठव्या दिवशी आवळला, तेव्हा ती पेंड चावत होती.

कानाला मात्र दीड महिना लागला. खांद्यावर बोट, टिक्. चार बोटं पुढं, टिक्. नाक रवीवर टेकलेलं आहे तोवर माझा हात चालणार, नाक सुटलं की हात खाली. हा आमचा करार. रागवायचं नाही, ओढायचं नाही, परत नाक टेकेल तोवर वाट बघायची. कराराची चाचणी तिनं घेतलीच. तीन दिवस ती नुसतं नाक टेकवायची, काढायची, टेकवायची, काढायची, आणि प्रत्येक वेळी माझा हात खरंच खाली जातो का ते बघायची. माझी जेवणं थंड झाली. चौथ्या दिवशी तिनं नाक टेकवलं आणि ठेवलं, आणि मी पहिल्यांदा ती चीर बोटांनी चाचपली. कडा जाड झालेल्या, वाळलेल्या चिंचेच्या सालासारख्या, आत गोचिडांची रांग. इतके महिने कुणी हातच लावला नव्हता म्हणून तिथं त्यांचं गाव वसलं होतं. त्या संध्याकाळी दाव्याची गाठही सुटली. खाली केस गेलेले, कातडी गुलाबी.

तेव्हापासून मला आपल्या भाषेतलं एक क्रियापद छळतंय. आपण म्हणतो, गाय अंगाला हात लावू *देत* नाही. बैल खुरांना पत्री मारू *देतो*. म्हैस धार काढू *देत* नाही. सगळीकडं कर्ता जनावर आणि क्रियापद देणं. ही भाषा करणारी माणसं चौघं मिळून जनावर पाडणारीच होती, पण बोलताना त्यांनी हिशेब बरोबर ठेवला. आणि धारेच्या बाबतीत तर ते शब्दशः खरं आहे. आमची म्हातारी गौरी वेळेला दोन लिटर देते, पण अनोळखी माणूस गोठ्यात उभा असला तर पान्हा चोरते. वासरू लुचलं, ओळखीचा हात कासेला लागला, की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध सडात उतरतं. घाबरली की ॲड्रेनलिन त्याला आडवं येतं. ओढून निघतं ते सडात आलेलं तेवढंच, वरचं ती ठेवून घेते. म्हणून तर काही गोठ्यांवर चोरून इंजेक्शनं मारतात. पान्हा *सोडणं* हा शब्द उगाच नाही.

पण या पद्धतीतल्या लोकांचं जे वाचलं त्यात मला सगळ्यात जवळची वाटली ती त्यांच्या फजितीची गोष्ट. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे नवराबायको स्किनरचे विद्यार्थी. त्यांनी विद्यापीठ सोडून १९४० च्या दशकात जनावरं शिकवण्याचा धंदाच काढला. जाहिरातीसाठी, जत्रांसाठी, कोंबड्या पियानो वाजवायच्या वगैरे. एक डुक्कर त्यांनी शिकवलं होतं, लाकडी नाणी उचलून पेटीत टाकायला. काही आठवडे झकास. मग ते डुक्कर वाटेत नाणं खाली टाकायला लागलं, नाकानं उकरायला लागलं, उडवायला लागलं, परत उकरायला. भूक वाढवली तर उकरणं वाढलं. राकून नावाचा प्राणी दोन नाणी दिली की पेटीत टाकायचं सोडून कंजुषासारखी हातात घासत बसायचा. बक्षीस मिळत नव्हतं तरी. १९६१ साली त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून काढलं: शिकवलेलं वर राहतं, जातीचं खालून उसळी मारतं. धंदा चालू असताना माणूस अशी कबुली देतो हेच मला विशेष वाटलं.

ते मी वाचलं ते मात्र मैनेची फजिती झाल्यावर.

लस टोचायची तयारी मी चालवली होती. मानेची कातडी चिमटीत उचलणं, टिक्. बॉलपेनचं टोक, टिक्. सुई नसलेली सिरिंज, टिक्. लाळ्या-खुरकताची लस वर्षातून दोनदा असते, अजून महिना आहे असं मी धरून चाललो होतो. एके दिवशी मी औषधाला विट्याला गेलो आणि लसवाले त्याच सकाळी आले. गावात शंभरावर जनावरं, माणसं दोन. त्यांना थांबायला वेळ कुठला. आप्पांनी शेजाऱ्याला हाक मारली. मैनेला म्होरकीनं खांबाला आखूड बांधली, ती उसळली, मग मागचे पाय दोरानं घेतले, ती पडली. पडल्यावर टोचली. आणि जाता जाता, बिल्ला नाही म्हणून, उजव्या कानात नवा बिल्ला मारला.

मी आलो तेव्हा ती कोपऱ्यात, आमच्याकडं पाठ. रवी दाखवली. रवी बघून ती थरारली. कारण रवी म्हणजे म्होरकी, आणि म्होरकी म्हणजे आता खांब. मी आप्पांवर ओरडलो. वडिलांवर आवाज चढवण्याची माझी आयुष्यातली ती दुसरी वेळ. ते गप्प बसले. मग म्हणाले, "लस नगं हुती का?" हवी होती. लाळ्या आला की जनावर कित्येक दिवस खात नाही, वासरं जातात. उत्तर नव्हतं माझ्याकडं, अजून नाही.

अकरा दिवस तिनं रवीला नाक लावलं नाही. मी गोठ्याच्या बाहेरून, दहा-बारा हातांवरून, ती नुसती माझ्याकडं वळली तरी टिक् करून पेंड फेकायचो. सगळं सोडून परत पहिलीत. मधल्या काळात एक बरं झालं: डबी शेणात पडून बिघडली आणि मी विट्यात खेळण्यांच्या गाड्यावर पत्र्याचा बेडूक शोधून आणला. त्याचा आवाज वेगळा, जरा जाड. मैनेला तो खांबाच्या दिवसापासून तुटलेला वाटला की काय कोण जाणे. रवीच्या जागी नारळाची करवंटी काठीला बांधली. म्होरकी बदलली, निळी सुती. जुन्या दुकानाची पाटी उतरवून नवी लावल्यासारखं सगळं.

या सगळ्याची सुरुवात कुत्र्यांतून झाली असं मुलीला वाटतं, पण ही रीत रुजली ती मुळात समुद्रात. १९६० च्या दशकात हवाईला कॅरन प्रायर नावाच्या बाई डॉल्फिनना शिट्टी आणि माशांवर शिकवायच्या. डॉल्फिनला वेसण घालता येत नाही, चाबूक दाखवला तर तो पोहून तळ्याच्या पलीकडं जातो आणि आपण काठावर. ज्याला धरताच येत नाही त्याच्याशी वागता वागता हे पक्कं करावं लागलं. आमच्याकडं दोर फार लवकर सापडला, ही आमची अडचण.

पुढची लस मार्गशीर्षात. या वेळी मी डॉक्टरांना आधीच गाठलं होतं, सांगितलं होतं, शेवटी आमच्या वस्तीवर या, चहाला थांबा. हे नवीन डॉक्टर, तिशीचे, हसले पण आले. मैना गव्हाणीत नाक घालून उभी. करवंटी पुढं केली. नाक टेकलं. डॉक्टरांनी कातडी उचलली, नाक सुटलं. त्यांचा हात तसाच राहिला. मी म्हटलं, साहेब, सोडा. त्यांनी सोडली. घड्याळ बघितलं. नाक टेकलं. उचलली. सुटलं. सोडली. तिसऱ्या वेळी नाक टेकलेलंच राहिलं, सुई गेली, औषध गेलं, कातडी पोटापर्यंत थरारली, आणि नाक करवंटीवर. बेडूक इतका जोरात दाबला की माझं बोट कापलं. पसाभर पेंड दिली, चिमटीचा नियम मोडून.

"सहा मिनिटं," डॉक्टर म्हणाले. नाराज नव्हते, नुसतं मोजलं होतं. "अजून पंधरा गोठे आहेत माझे."

मग सर्जा. त्यांच्या मदतनीसानं वेसणीचा दोर धरला, दोन बोटं वर उचलला. सर्जाचं तोंड आभाळाकडं, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं, आणि सुई कधी गेली ते मलाही दिसलं नाही. दहा सेकंद असतील. "हा शहाणा आहे," डॉक्टर म्हणाले आणि सिरिंज डब्यात टाकली.

आप्पा बाजेवरून काही बोलले नाहीत. माझ्या खिशात पेंड उरली होती. ती हातावर घेऊन सर्जापुढं धरली. त्यानं वास घेतला, तोंड उघडलं नाही. मदतनीसाच्या हातातला दोर अजून ताणलेलाच होता. "सोडा की तो," मी म्हटलं.